मार्च महिन्यातली ओल



पावसाळ्यात भिंतीला ओल आली की आपण पावसाला दोष देऊन मोकळे होतो. पाऊस संपतो, ऊन पडते आणि भिंत सुकते. पण जी ओल मार्च महिन्यातही सुकत नाही ती पावसाची नव्हे, कुठल्या तरी पाइपाची असते. हे साधे ज्ञान आम्हांला फार उशिरा मिळाले.

चर्चच्या आवाराला लागून एक जुने कौलारू घर आहे. तिथल्या आजीबाईंना दर पहिल्या शुक्रवारी आम्ही कम्युनियन घेऊन जातो. त्यांच्या मागच्या खोलीची भिंत काळी पडत चालली होती. ती आम्ही अनेक महिने पाहत होतो. त्यांची खाट पुढच्या खोलीत आलेली दिसली, तेव्हाही आम्ही काही विचारले नाही. मार्चमध्ये सोबत नळजोडणीचे काम करणारा एक तरुण होता. त्याने भिंतीला हात लावला, बाहेर जाऊन जोत्यापाशी वाकून पाहिले आणि म्हणाला, "फादर, हे पाणी आपलं आहे."

धर्मगुरुनिवासाच्या मोरीचे सांडपाणी नेणारा चिनी मातीचा जुना पाइप आजींच्या जोत्याजवळून जातो. अशा पाइपांचे सांधे सिमेंटचे असतात. उंबराची मुळे ओलाव्याच्या मागावर त्या सांध्यात शिरली आणि सांधा उघडला. आमच्या आंघोळीचे पाणी आजींच्या भिंतीत मुरत होते. आजींना त्याचा अंदाज होता. त्या गप्प का राहिल्या असे विचारले, तर म्हणाल्या, "फादरांना कसं सांगायचं?"

आता प्रश्न असा, की यात आमचा दोष किती? आम्ही मुद्दाम काही केले नाही. आम्हांला माहीत नव्हते. कोर्टात कदाचित हे चालेल, पण मिस्सेच्या आरंभी आपण पापकबुली देतो ती केवळ केलेल्या गोष्टींची नसते, न केलेल्यांचीही असते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी यासाठी जहाजाचे उदाहरण घेतले. सुकाणू धरणाऱ्याने सुकाणू सांभाळले नाही आणि जहाज बुडाले, तर त्याने काहीही न करता जहाज बुडवले असेच म्हणावे लागते. मात्र त्याला सुकाणू सांभाळणे शक्य हवे आणि ते त्याचे कर्तव्यही हवे. अज्ञानाबद्दलही त्यांचे म्हणणे याच धर्तीचे आहे. जे जाणणे शक्य होते आणि आपले कर्तव्य होते, ते न जाणणे हीच हयगय.

म्हणून प्रत्येकाने फरशा उकरून पाहाव्यात काय? मुळीच नाही. तशी चिंता हा वेगळाच आजार आहे. पण जे पाहायला एक रात्रच खर्ची पडते, त्याबाबतीत "माहीत नव्हते" हा शब्द फार तोकडा पडतो. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा. सकाळी तो पुढे सरकलेला असेल तर पाणी कुठेतरी जाते आहे. संडासच्या फ्लश टाकीत नाताळच्या फराळातला उरलेला खाण्याचा रंग टाकावा. अर्ध्या तासात, फ्लश न ओढता, तो भांड्यात उतरला तर टाकी आतल्या आत गळते आहे. मोरीची जाळी बोळ्याने घट्ट बंद करून चोवीस तास थोडे पाणी साठवून ठेवावे आणि खालच्या शेजाऱ्यांना छत पाहायला सांगावे. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या इमारतींत राहणाऱ्यांनी हे जरूर करावे, कारण भिंतीतले लोखंडी पाइप आतून गंजतात आणि बाहेरचा गिलावा बराच काळ काही सांगत नाही. आणि गंमत अशी की वरच्याच्या घरात सगळे कोरडे असते. गळती ज्याची, त्याला ती दिसत नाही.

सोसायटीत यावरून किती भांडणे होतात हे आम्ही घरभेटींत ऐकतो. खर्च सभासदाचा की सोसायटीचा, हे उपविधींत पाहून ठरवता येते. पण खालच्याने येऊन बेल वाजवेपर्यंत वरच्याने काही करायचेच नाही, हे उपविधींत कुठेही लिहिलेले नाही. पवित्र शास्त्र याबाबत थांबून राहत नाही. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा असे अनुवादाच्या 22 व्या अध्यायात सांगितले आहे, तेही कोणी पडण्यापूर्वी. निर्गमाच्या 21 व्या अध्यायात खड्डा उघडा ठेवणाऱ्याकडून त्यात पडून मेलेल्या बैलाची भरपाई घेतली आहे. वाड्यांतल्या जुन्या घरांत ज्यांच्या शौचटाकीचे झाकण फुटले आहे, त्यांनी तो अध्याय जरूर वाचावा.

आजींचा गप्पपणा मात्र आम्हांला अजून बोचतो. त्या ठिकाणी दुसऱ्या कोणाचा पाइप असता तर त्या बोलल्या असत्या. ज्याच्यासमोर लोक बोलू शकत नाहीत, त्याने स्वतःहून विचारायला हवे. घरमालकाने भाडेकरूला, सेक्रेटरीने विधवा सभासदाला, आणि फादरांनी सगळ्यांनाच.

पाइप आता बदलला आहे. आजी म्हणतात, "पायपाचं झालं ना, भिंतीचं राहू द्या." पण पाणी थांबवले म्हणजे नुकसान भरून निघत नाही, असे आर्थिक समितीसमोर आम्ही मांडले आणि समितीने ते मान्य केले. गिलावा आणि रंग धर्मग्रामाच्या खर्चाने होईल. गवंडी म्हणतो, भिंत पुरती सुकल्याशिवाय गिलावा धरणार नाही. तोवर आजींची खाट पुढच्याच खोलीत आहे.

आपले धर्मगुरू