बाई सुट्टीवर आहेत

आम्स्टलवीनमध्ये एक मराठी जोडपं राहत होतं. तो सॉफ्टवेअरमधला, ती दाताची डॉक्टर. कर्ज काढून घेतलेलं घर, मागे कालवा, दारात सायकली. हॉटेलच्या बिलांना कंटाळून दोघं घरांची अदलाबदल करणाऱ्या दोन क्लबांचे सभासद झाले होते. सुट्टीत आपण त्यांच्या घरी, ते आपल्या घरी. भाड्याचा प्रश्न नाही. मांजराला खायला घालायचं, कुंड्यांना पाणी द्यायचं, निघताना चादरी धुऊन ठेवायच्या.

ही रीत जुनी आहे. सुट्टी लांबलचक आणि पगार बेताचा, अशा युरोपातल्या काही शिक्षकांनी १९५३ साली ‘इंटरव्हॅक’ सुरू केलं. घरांच्या छापील याद्या टपालानं यायच्या आणि पत्रं लिहून सौदा ठरायचा. पुढे इंटरनेट आलं, त्यात पैसा आला. १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘होमएक्स्चेंज’ २०१७ साली एका फ्रेंच कंपनीनं विकत घेतली. आज हौशी आणि व्यावसायिक, दोन्ही जातींचे क्लब नांदतात.

जोडप्याचा पहिला क्लब व्यावसायिक होता. पगारी माणसं, घर दिल्याघेतल्याच्या गुणांचा हिशेब, ऐन वेळी कुणी माघार घेतली तर भरपाईचा नियम. लिस्बनच्या यजमानांनी खरंच माघार घेतली, तेव्हा संध्याकाळच्या आत गुण परत आले आणि सोबत रिकाम्या घरांची यादीही. नवरा खूश झाला. बायकोच्या लक्षात आलं ते एवढंच की प्रत्येक उत्तराखाली नवं नाव होतं आणि प्रत्येकाला सगळी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागत होती. पण काम झालं होतं, हेही तिनं मान्य केलं.

दुसरा क्लब डेव्हेंटरच्या एक निवृत्त शिक्षिका जेवणाच्या टेबलावरून चालवायच्या. वर्गणी नाममात्र. त्यांना सगळे बाईच म्हणत. कुणाच्या घरी कुत्रा आहे, कुणाच्या सासूबाईंना जिना चढवत नाही, हे बाईंना तोंडपाठ होतं.

त्या क्लबातून दोघं ऑगस्टमध्ये ब्रिटनीला निघाले. रात्री उशिरा पोचले तर शेजारी ठेवलेली किल्ली शेजाऱ्यांसकट गायब. नवऱ्यानं बाईंना मेल टाकली. आपोआप उत्तर आलं: ‘मी तीन आठवडे नॉर्वेत तंबूत आहे. अडचण आली तर यादीतलं जवळचं घर बघा.’

त्याचं डोकं फिरलं. गाडीतच बसून त्यानं लांबलचक तक्रार खरडली. आम्ही वर्गणी भरतो, अडल्या वेळी फोनवर माणूस नको का, वगैरे. तो लिहीत होता तेवढ्यात बायकोनं यादी उघडून कँपेरजवळच्या एका सभासदाला फोन लावला. अर्ध्या तासात एक आजोबा सपाता घालूनच हजर झाले आणि दोघांना आपल्या घरी झोपायला घेऊन गेले. सकाळी किल्ली मिळाली. शेजारी लग्नाला गेले होते, घाईत विसरले.

बाईंनी परतल्यावर तक्रारीला उत्तर दिलं. ‘तुमच्या वर्गणीत वेबसाइटचं भाडं निघतं. हवी तर ती परत करते. पुढच्या ऑगस्टमध्येही मी तंबूतच असेन. तेव्हा फोन तुम्ही घ्याल का?’

हा ईर्ष्येनं हो म्हणाला. सेवा कशी असते ते दाखवतोच! त्यानं तक्रारीचा फॉर्म केला, प्रत्येक तक्रारीला क्रमांक, क्रमांकाला पोच.

ऑगस्टमध्ये ल्योंच्या एका सभासद महिलेचा फोन आला. ती हारलेमच्या घरात उतरली होती आणि नळाला गरम पाणी नव्हतं. हॉटेलचा खर्च क्लबानं द्यावा, असं तिचं म्हणणं. त्यानं क्रमांक दिला आणि नियम शोधले. नियमांची दोन पानं होती. त्यात बॉयलर नव्हता, क्लबाच्या खात्यात पैसेही नव्हते. घरमालक फोन उचलेनात. दोन दिवस गेले. शेवटी ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहून तो पाठवणार, तोच बायको म्हणाली, “अरे, क्रमांक दिलास, पण आंघोळीला पाणी कोण देणार?”

तो गाडी काढून हारलेमला गेला. वाटेत एकदाचा मालकांचा फोन लागला. ते म्हणाले, “बॉयलरवरचा काटा बघा. दाब एकच्या खाली गेला असेल. ओट्याखाली नळी आहे, ती जोडून पाणी भरा.” तेवढंच होतं. घरातल्या माणसाला जे सवयीनं ठाऊक असतं, ते कागदावर लिहून ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पाणी तापलं, बाईसाहेब तापलेल्याच राहिल्या. भरपाई म्हणून द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्यानं त्यांना रविवारी घरी वरणभाताला बोलावलं. त्या आल्या. जेवतानाही त्यांनी क्लबाच्या कारभाराचे वाभाडे काढले, आणि त्यातले निम्मे आक्षेप तरी खरे होते.

विमानाची महाग तिकिटं काढून परमुलखात जायचं असलं की जोडपं अजूनही पहिल्याच क्लबातून घर घेतं. तिथं रात्री जागं राहण्याचा कुणाला तरी पगार मिळतो, आणि तसं असणं चांगलंच.

बाई नॉर्वेहून परतल्या तेव्हा त्यानं त्यांच्या हाती एक वही दिली. कुठल्या गावात कुणाला फोन करायचा, कुठल्या घरात कुठला नळ कुठे. बाईंनी वही ठेवून घेतली, तक्रार क्रमांकांचं पान फाडून परत दिलं आणि म्हणाल्या, “मी ७४ वर्षांची आहे. आणखी दोघं जण शोधा.”

त्यानं सगळ्यांना विचारलं. क्लब म्हणजे आमचं कुटुंबच, असं वर्षानुवर्षं लिहिणाऱ्यांना नेमकं ऑगस्टमध्येच काम निघालं. हो म्हणाले ते दोघंच: कँपेरचे आजोबा, आणि ल्योंच्या त्या बाईसाहेब. बाईसाहेबांची एकच अट होती. आधी प्रत्येक सभासदाकडून बॉयलरची माहिती लिहून घ्यायची.