सही कोणाची?

विधानसभेच्या मतदानाला काही तास उरले होते. १९ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री बिटकॉइनच्या पैशांविषयी बोलणारे काही आवाज महाराष्ट्रभर मोबाइलवर फिरू लागले. ते सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे असल्याचा दावा भाजपने केला, दोघांनीही तो फेटाळला. दोघांबरोबर काम केलं आहे, आवाज ओळखतो, असं अजित पवारांनी सांगितलं. 'बूम' या तथ्यतपासणी करणाऱ्या संस्थेने 'ट्रूमीडिया'च्या साधनातून क्लिपा तपासल्या आणि त्यातल्या बहुतेक कृत्रिम असाव्यात असा निष्कर्ष काढला. घरच्या माणसाचा कान एक सांगत होता, यंत्र दुसरंच. मतदार तोवर रांगेत उभा होता.

या प्रकरणातून आपल्याकडच्या चर्चेने एकच धडा घेतला: आणखी चांगलं यंत्र हवं. वाहिन्यांवरचे तज्ज्ञ तेच म्हणतात, महाविद्यालयांतले परिसंवादही. अस्सल-नकली निवडून देणारं सॉफ्टवेअर आलं की प्रश्न मिटला! हा आशावाद मला भाबडा वाटतो, आणि काहीसा सोयीचाही.

२०१८ मध्ये संशोधकांच्या लक्षात आलं की बनावट चेहरे पापण्या लववत नाहीत. ही खूण जाहीर झाली आणि थोड्याच काळात बनावट चेहरे पापण्या लववू लागले. फेसबुकने मोठी स्पर्धा घेतली, तिचा निकाल २०२० मध्ये लागला. दोन हजारांवर स्पर्धकांतलं सर्वोत्तम मॉडेल आधी न पाहिलेल्या चित्रफितींवर सुमारे ६५ टक्के बरोबर ठरलं, म्हणजे शंभरात पस्तीस वेळा चुकलं. हे जुनं झालं, आजची साधनं सरस आहेत, असं त्यांचे समर्थक म्हणतील. असतीलही. पण आजचा बनावटखोरही सरस आहे, आणि डिटेक्टर त्यालाही मिळतो. डेअरीवर लॅक्टोमीटर आला तेव्हा पाणी घालणारे थांबले नाहीत, पाण्याबरोबर साखर घालू लागले. मोजणी कशाची होते हे कळलं, की भेसळ त्या मोजणीत बसवता येते. मग डिटेक्टर गुप्त ठेवावा? तर न्यायालयात त्याची उलटतपासणी कशी घेणार?

त्यातून आपली क्लिप प्रयोगशाळेतून थोडीच येते. कुणीतरी स्पीकरवर वाजवलेलं दुसऱ्याने टिपलेलं असतं, मग ते व्हॉट्सअ‍ॅपवर दाबलं जाऊन दहा गटांतून आलेलं असतं. ज्या बारीक खुणांवर यंत्राची भिस्त, त्या वाटेतच पुसट होतात. वर निकाल मिळतो तो टक्क्यांत. आणि समजा, उद्या शंभर टक्के अचूक यंत्र आलं. तरी अस्सल चित्रण मागचं-पुढचं कापून दाखवता येतं, जुनं आजचं म्हणून खपवता येतं. अशा वेळी यंत्र प्रामाणिकपणे 'अस्सल' म्हणेल आणि आपण फसू. राहिली ट्रूमीडिया. जानेवारी २०२५ मध्ये तिने कोड सर्वांसाठी खुला करून काम थांबवलं. निकालामागे उभी राहणारी संस्था दोन महिन्यांत उरली नाही.

इतर उपायांवर फार शाई खर्चायला नको. 'लोकांना साक्षर करा' हे ठीक, पण मतदानाच्या आदल्या रात्री नव्हे. कृत्रिम मजकुरावर लेबल सक्तीचं केलं, तरी ज्याला फसवायचंच आहे तो ते चिकटवणार नाही.

खरा विचार करायला मराठवाड्यातल्याच एका खटल्याकडे जावं लागतं. वकिलांना तो पाठ आहे, डीपफेकच्या चर्चेत मात्र तो कुणाला आठवत नाही. २०१४ मध्ये जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं असं, की खोतकरांचं नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर दाखल झालं. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण. त्याच्या व्हीसीडी औरंगाबाद खंडपीठापुढे आल्या. अडलं ते तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खालच्या प्रमाणपत्रावर. हे चित्रण या यंत्रातून, या पद्धतीने निघालं, असं लिहून सही करायची, एवढंच काम. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. निवडणूक अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतल्या कबुलीचा आधार घेऊन खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: प्रमाणपत्र अनिवार्यच, मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ज्यांच्या हाती ते आहे तेच देत नसतील, तर त्याला अशक्य गोष्टीची शिक्षा नको. मूळ मोबाइल किंवा लॅपटॉपचा मालक तो घेऊन स्वतः साक्षीला उभा राहिला, तर प्रमाणपत्राचीही गरज नाही.

या खटल्यात खरी अडचण पिक्सेलची नव्हती. सही कोण करणार, ही होती. माझा सगळा मुद्दा या फरकावर उभा आहे. 'हे नकली आहे का?' हा एक प्रश्न, 'याची जबाबदारी कोण घेतं?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर संभाव्यतेत येतं, दुसऱ्याचं नावागावासकट. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा साधर्म्याला भुलणारे कमी नव्हते. निवाडा करायला साक्षी-जबान्याच घ्याव्या लागल्या.

सही करणाराही खोटं बोलेल, हे मान्य. पण त्याला पिंजऱ्यात उभं करता येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये यंत्राचा ताबा असलेला आणि तज्ज्ञ अशा दोघांचं प्रमाणपत्र लागतं, सोबत फाइलची हॅश-किंमत, म्हणजे तिचा गणिती ठसा. हॅश एवढंच सांगते, की ती नोंदवल्यापासून फाइल बदललेली नाही. बनावट फाइलचीही हॅश तंतोतंत जुळते. म्हणून वजन सहीलाच. कॅमेऱ्यातच उगमाची डिजिटल नोंद घालणारं सीटूपीए हे मानक मला डिटेक्टरपेक्षा आशादायक वाटतं ते यामुळेच, जरी ती नोंद व्हॉट्सअ‍ॅपवर टिकत नाही. नाव उघड करू न शकणाऱ्या खबऱ्याची यात कोंडी होते, हे मी नाकारत नाही. तिथे संपादकाने आपलं नाव पुढे करावं. आणि जिचा चेहरा अश्लील चित्राला जोडला गेला, तिला ते खोटं आहे हे कुठल्या यंत्राने सांगायची गरजच नाही. तिला ते तातडीने उतरवून हवं असतं.

मग सहीची सवय सर्वांत आधी कुणाला लावायची? ज्यांच्याकडे मूळ चित्रण असतं त्या सरकारी कार्यालयांना. पण बिटकॉइनच्या त्या क्लिपांना महिना उलटताच, २० डिसेंबर २०२४ रोजी, केंद्राने निवडणूक संचालन नियमांतला ९३ वा नियम बदलला आणि सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी नागरिकांच्या तपासणीबाहेर नेल्या. मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने चित्रण ४५ दिवसच ठेवण्याची सूचना काढली. निवडणूक याचिका दाखल झाली तर ते जपलं जातं, आणि न्यायालयाला मागवता येतं. हे खरं असलं, तरी याचिका करावी की नाही हे ठरवण्यासाठी ते चित्रण आधी पाहायला हवं, अशा मतदाराने काय करायचं याचं उत्तर त्या सूचनेत नाही.