विद्यार्थी सैनिक नव्हे

पहिलीपासूनच्या मुलांना प्राथमिक लष्करी प्रशिक्षण द्यायचे आणि त्यासाठी माजी सैनिकांची मदत घ्यायची, अशी घोषणा जून 2025 मध्ये महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणमंत्र्यांनी केली. काश्मीरमधल्या पहलगामच्या दहशतवादी हत्याकांडाला तेव्हा दीड महिनाही झालेला नव्हता, त्यामुळे या कल्पनेचे स्वागत झाले यात नवल नाही. स्वागत करणाऱ्यांचे दावे तीन होते: मुलांना शिस्त लागेल, देशप्रेम वाढेल आणि दहशतवादाला आपोआप उत्तर मिळेल. पहिल्या दोन दाव्यांवर वाद घालत बसण्याची मला गरज वाटत नाही. कवायतीने मुलाचे शरीर काटक होत असेल, तर व्हावे. तिसरा दावा मात्र मी खोटा मानतो. शाळा आणि सैन्य एकमेकांत मिसळले की काय होते, हे आपल्या शेजारच्या देशात पन्नास वर्षे घडताना दिसले आहे.

पाकिस्तानचे इतिहासकार के. के. अझीझ यांनी 1993 साली ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’ हे पुस्तक लिहिले. शाळा-महाविद्यालयांत चालणारी 66 पाठ्यपुस्तके घेऊन ते एकेक चूक नोंदवत गेले. तारखा चुकलेल्या, माणसे गाळलेली, 1965 चे युद्ध निर्विवाद विजय म्हणून सांगितलेले, 1971 मध्ये पूर्व बंगालमध्ये आपल्याच सैन्याने काय केले याचा पत्ता नाही. या कामातली चिकाटी मला मोठी वाटते. रागाने भाषणे करणारे पुष्कळ असतात. इयत्ता चौथीचे पुस्तक शेजारी ठेवून पानापानाचा पंचनामा करणारा विद्वान विरळा. अझीझ यांना दिसले ते एवढेच नव्हते की सरकार खोटे शिकवते. लष्करी राजवटीला प्रश्न विचारणारा नागरिक नको असतो, म्हणून प्रश्न उगवण्याची जागाच पुस्तकातून काढून टाकली जाते, हे त्यांनी दाखवले. लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात, 1981 मध्ये, पाठ्यपुस्तकांच्या लेखकांना ‘पाकिस्तानची विचारधारा’ केंद्रस्थानी ठेवण्याच्या सूचना अधिकृतपणे दिल्या गेल्या. त्याच दशकात, सीमेपलीकडच्या अफगाण मुलांसाठी अमेरिकी सरकारच्या पैशातून नेब्रास्का विद्यापीठाने तयार करवलेल्या अंकगणिताच्या पुस्तकांत बंदुका, गोळ्या आणि मारलेले शत्रू मोजायला शिकवले जात होते.

तरीही अझीझ यांचे निदान एका ठिकाणी अपुरे पडते, आणि ते ठिकाण म्हणजे पेशावर. 16 डिसेंबर 2014 रोजी पाकिस्तानी तालिबानच्या बंदुकधाऱ्यांनी वारसाक रोडवरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये शिरून 140 हून अधिक जणांना मारले. त्यांतली बहुतेक शाळकरी मुले होती. ही शाळा सैन्याने चालवलेली. शिस्त, पहारेकरी, गणवेश यांपैकी कशाचीही तिथे उणीव नव्हती. म्हणजे प्रश्न निव्वळ पाठ्यपुस्तकांचा राहत नाही. हल्ल्यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. तीन आठवड्यांच्या आत घटनादुरुस्ती होऊन नागरिकांवरही लष्करी न्यायालयात खटले चालवण्याची सोय झाली. शाळांच्या भिंती उंच झाल्या, त्यांवर काटेरी तार आली, खैबर पख्तुनख्वात शिक्षकांना पिस्तूल बाळगण्याची मुभा मिळाली. जानेवारी 2016 मध्ये चारसद्द्याच्या बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाने खरोखरच पिस्तूल चालवले. त्यात ते स्वतः मारले गेले आणि त्यांच्याबरोबर वीसेक जण गेले.

मेलेल्या मुलांना शहीद घोषित करण्यात आले. त्यांना पदके मिळाली, सरकारी शाळांना त्यांची नावे दिली गेली, सैन्याच्या प्रसिद्धी विभागाने त्यांच्यावर गाणी काढली. यातला सन्मान खरा होता, हे मी मान्य करतो. पण सैनिक रणांगणावर पडला की त्याला वाचवायला कोण चुकले हे सहसा कुणी विचारत नाही. ते त्याच्या कर्तव्यात धरलेले असते. वर्गात बसलेला मुलगा सैनिक ठरला की त्याचा मृत्यूही कर्तव्यात जमा होतो आणि पहारा कुठे कमी पडला हा प्रश्न अनादर ठरतो. पेशावरच्या आईबापांनी तो अनादर पत्करला. चौकशीची मागणी ते वर्षानुवर्षे करत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 2018 मध्ये आयोग नेमला गेला, 2020 मध्ये अहवाल उघड झाला आणि त्यात सुरक्षारक्षकांच्या ढिलाईवर बोट ठेवलेले होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तर तालिबानचा माजी प्रवक्ता लष्कराच्या ताब्यातून पळाला होता. नोव्हेंबर 2021 मध्ये न्यायालयाने खुद्द पंतप्रधानांना बोलावून जाब विचारला. कारवाईसाठी हे पालक सत्तेच्या सगळ्यात वरच्या माणसांकडे बोट दाखवत होते.

यावर आक्षेप येईल की आपले सैन्य नागरी सरकारच्या आज्ञेत राहते, त्याची तुलना पाकिस्तानी लष्कराशी कशी करता? आक्षेप योग्य आहे आणि तो माझ्याच बाजूचा आहे. आपल्या सैन्याने शाळा मागितलेली नाही. ती द्यायला नागरी सरकारच निघाले आहे. राष्ट्रीय छात्रसेना 1948 पासून आहे, ती ऐच्छिक आहे आणि साधारण तेराव्या वर्षाआधी मूल तिच्यात जात नाही. सहा वर्षांच्या मुलावर घातलेले प्रशिक्षण ही वेगळी गोष्ट आहे. आणि सुरक्षिततेचेच म्हणाल तर, आपल्या राज्यात शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न अलीकडे सर्वांत तीव्रपणे कुठे विचारला गेला? 20 ऑगस्ट 2024 रोजी बदलापूरच्या रेल्वेमार्गावर. बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाले, आणि पालकांनी रूळांवर उतरून कित्येक तास गाड्या रोखून धरल्या. पुढे उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रूळांवर उभ्या असलेल्या कुणीही आपल्या मुलीला शूर म्हणावे अशी मागणी केली नाही. तक्रार नोंदवायला उशीर का झाला आणि त्याला जबाबदार कोण, हे ते विचारत होते.