केस, हसू आणि सदका



२००३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात तीस पुरुषांनी गंमत म्हणून मिशा वाढविल्या. पुढील वर्षापासून त्या मिशांच्या निमित्ताने पुरुषांच्या कर्करोगासाठी निधी जमविला जाऊ लागला आणि 'मोव्हेंबर' या नावाने ही चळवळ जगभर पसरली. महाविद्यालयीन तरुण चित्रविचित्र केशरचना करतात, लोक हसतात आणि पैसे देतात. उद्या नांदेड-लातूरच्या वसतिगृहात शिकणारा आपला मुलगा अर्धे डोके भादरून घरी आला आणि म्हणाला, "अब्बा, हे एका गरीब रुग्णाच्या उपचारासाठी केले," तर आपण त्याला काय उत्तर द्याल?

केसांविषयी मार्गदर्शन स्पष्ट आहे. डोक्याचा काही भाग भादरून काही भाग तसाच ठेवण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. हेतू चांगला असला तरी मनाई केलेले साधन वैध ठरत नाही.

मग चारचौघांत दान मागणे, देणे हेच चूक आहे काय? नाही. उघड दान चांगले आणि गुप्तपणे गरिबाला दिलेले अधिक चांगले, असे कुरआन सांगतो (२:२७१). मुदर कबील्याचे दरिद्री लोक मदीनेत आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सर्वांसमक्ष आवाहन केले. एका अन्सारी सहाबींनी हाताला पेलवेना अशी जड थैली आणली आणि ते पाहून इतरही पुढे सरसावले. परंतु तेथे लोकांची नजर गरजूंच्या फाटक्या वस्त्रांवर होती. येथे ती निधी मागणाऱ्याच्या डोक्यावर खिळते. रुग्ण विसरला जातो, छायाचित्र उरते. दिखाव्याच्या दानाला कुरआनने मातीचा पातळ थर असलेल्या खडकाची उपमा दिली आहे. एका पावसात तो उघडा पडतो (२:२६४).

तथापि, मुलाला रागावण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. त्याला विदूषक का व्हावे लागले? साध्या शब्दांत मागितले असते, तर आपला हात खिशात गेला असता काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची घरे कोसळली, तेव्हा मदतीसाठी कोणाला हसवावे लागले नव्हते. दुःख डोळ्यांना दिसले आणि माणसे धावली. रोजचे दुःख मात्र आपल्याला दिसत नाही, आणि दोष तेथेच आहे.

केसांचा आणि सदक्याचा संबंध आपल्याकडेही आहे. हजरत हसन (रजि.) यांच्या जन्मानंतर त्यांचे केस उतरवून त्यांच्या वजनाइतकी चांदी दान करण्यास प्रेषितांनी (स.) हजरत फातिमा (रजि.) यांना सांगितले. ते वजन जेमतेम एका दिरहमच्या आसपास भरले. दान लहान होते, पण त्यात कोणाचे हसे झाले नाही.

म्हणून मुलाची पद्धत नाकारा, त्याची कळकळ नाकारू नका. त्याला सोबत घेऊन त्या रुग्णाच्या घरी जा, शक्य ते द्या आणि बाहेर आल्यावर त्याची वाच्यता करू नका. अल्लाह आपल्या सर्वांची नियत शुद्ध ठेवो. आमीन.