प्रारब्ध कोणाचे आणि क्रियमाण कोणाचे?

परमार्थात काही उत्तरे अशी आहेत की ती शास्त्राला धरून असतात, आणि तरीही ती देणारा अपराधी ठरतो. असा एक अपराध आमच्या हातून नाशिकरोडला घडला. तो आधी सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

मागे तिथल्या एका वस्तीत आमचे कीर्तन होते. निरूपणात प्रारब्धभोगाचा विषय निघाला होता. आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठू लागली, तशी एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "महाराज, माझा नातू चार वर्सांचा. पाऊस लागला की हगवणीनं आडवा पडतो. मागल्या साली त्याची धाकटी बहीण त्यातच गेली. एवढ्याशा लेकरानं काय केलं होतं वो?" आम्ही नेहमीचे उत्तर दिले, "माउली, मागल्या जन्मीचे असते. भोगूनच सरते. नाम घ्या." तिने पायांवर डोके ठेवले आणि काही न बोलता गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वस्तीतून आम्ही स्टेशनकडे निघालो. पाहतो तो पिण्याच्या पाण्याचा नळ उघड्या नाल्यातूनच पुढे गेलेला, सांध्याला चिंध्या गुंडाळलेल्या, आणि बायका तिथेच हंडे घेऊन उभ्या. आदल्या रात्रीचे आमचे उत्तर आमच्याच घशात अडकले.

आता प्रश्न असा की, प्रारब्धाचा सिद्धांत खोटा काय? तसे आमचे म्हणणे नाही. परंतु शास्त्राने कर्माचे तीन प्रकार सांगितले आहेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. पहिली दोन आपल्या हातची नव्हेत. तिसरे मात्र आज, आता, आपण करतो आहोत. त्या नाल्यातून नळ नेणे हे कोणाचे तरी क्रियमाण होते. तो तसाच राहू देणे हे आपणा सर्वांचे क्रियमाण आहे. करणारे आपण आणि भोगणारे ते लेकरू! आपल्या क्रियमाणाला त्याच्या प्रारब्धाचे नाव देऊन मोकळे होणे, ही सिद्धांताची विटंबनाच होय.

याविषयी विलायतेतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्या वाडवडिलांनी पंढरीच्या वाटेवर पटकीने माणसे पटापट गेलेली पाहिली. त्यांनी त्याला मरीआईचा कोप म्हटले. तीच पटकी 1854 साली लंडन शहरात पसरली होती. शहराच्या दक्षिण भागात दोन कंपन्या पाणी पुरवीत. एक थेम्स नदीचे पाणी शहराची घाण मिसळते तिथून घेई. दुसरीने 1852 साली आपली उचल नदीच्या वरच्या अंगाला, स्वच्छ जागी नेली होती. गल्ली एक, घराला लागून घर, पण नळ निराळे. डॉक्टर जॉन स्नो याने दारोदार जाऊन हिशेब केला. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत घाण पाणी पिणाऱ्या दर 10,000 घरांमागे 315 माणसे मेली होती, आणि दुसऱ्या कंपनीच्या दर 10,000 घरांमागे 37. शेजारी शेजारी राहणाऱ्यांच्या पूर्वजन्मीच्या खात्यांत एवढे अंतर होते, आणि ते नेमके नळाच्या रेषेवर पडले होते, असे कोण म्हणेल?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर त्याच्या कितीतरी आधी आचरणाने देऊन ठेवलेले आहे. नाथमहाराज रामेश्वराला वाहण्यासाठी गंगेची कावड घेऊन चालले असता वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातले, ही कथा आपण प्रत्येक सप्ताहात ऐकतो. पैठणच्या वाळवंटात पोळणारे महाराचे पोर त्यांनी उचलून कडेवर घेतले, तीही ऐकतो. नाथांना कर्मसिद्धांत ठाऊक नव्हता काय? पण त्यांनी गाढवाचे प्रारब्ध विचारले नाही, पोराचे विचारले नाही. यावरून आमच्या बुद्धीला एक मर्यादा कळली. प्रारब्ध हा शब्द माणसाने स्वतःच्या दुःखासाठी वापरावा, त्याने धीर येतो. दुसऱ्याच्या दुःखासाठी तो वापरला की अंतःकरण कोरडे होते.

इथे कोणी म्हणेल, "बरे तर, दया करावी. औषधपाणी वाटावे, अन्नदान करावे." करावेच. परंतु कावडीचे पाणी एका गाढवाला पुरते. जिथे हजारो माणसे रोज तेच पाणी पितात, तिथे आजारी पडल्यावर केलेली दया उशिरा पोहोचते. तिथे दया आधी करावी लागते. नळ कुठून न्यावा, नाला कुठे वळवावा, दवाखाना कोणाच्या दाराशी असावा, हे आधी ठरवावे लागते. या आगाऊ केलेल्या दयेलाच सरकारी भाषेत नियोजन म्हणतात, असे आम्ही समजतो.

आणि हे नियोजन एका गावापुरते करून भागत नाही. नाशिकरोडचेच पाहा. शहरापासून दूर रेल्वेचे स्टेशन झाले म्हणून या गावाला हे नाव पडले. 1925 साली इथे सिक्युरिटी प्रेस आली, 1928 साली नोटांचा छापखाना आला, वस्ती वाढली. 1982 साली नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर मिळून एक महापालिका झाली. पण नदीने या हद्दी कधी मानल्या? दारणा भगूरवरून येते, तिथे नगरपालिका निराळी. वालदेवी देवळालीच्या अंगाने येते, तिथे छावणीचा कारभार निराळा. वरच्या खेड्यांच्या ग्रामपंचायती निराळ्या. चेहेडीला वालदेवी दारणेला मिळते, पुढे दारणा गोदावरीला मिळते. वरच्याने सोडले ते खालच्याने प्यावे, हा नदीचा न्याय आहे. कारभार चार ठिकाणी वाटलेला असला तरी लेकराच्या पोटात सगळे एकत्रच जाते. म्हणून सगळ्या खोऱ्याचा विचार एका ठिकाणी बसून व्हावा लागतो.

ती गोदावरी पुढे कोठे जाते? पैठणला. 1976 साली जायकवाडी धरण झाले, त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. मराठवाड्यातील लाखो माणसे ते पाणी पितात. नाथांनी आपली कावड एका मुक्या जिवाला पाजली. आणि आपण, नाथांची कीर्तने करणारे, नाथांच्याच गावी रोज कसली कावड पाठवतो आहोत? कुशावर्तात स्नान करणाऱ्याने आणि रामकुंडावर अस्थी सोडणाऱ्यानेही हा विचार मनात आणावा.

नियोजनात दुसरा प्रश्न येतो तो समतेचा. सर्वांना सारखे द्यावे, की ज्याची वाट लांब त्याला आधी द्यावे? सरकारी दंडकात याचे उत्तर चांगले आहे. सपाट मुलुखात 30,000 वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात 20,000 मागे एक. उपकेंद्र सपाटीवर 5,000 मागे, डोंगरात 3,000 मागे. म्हणजे पेठ-सुरगाण्याच्या माणसाला झुकते माप. हे अन्यायाचे नव्हे. दिंडीत तरणा माणूस चालतो आणि थकलेल्या म्हातारीला बैलगाडीत बसवतात, तेव्हा कोणी म्हणते का, की हा पंक्तिप्रपंच झाला? पण दंडक कागदावर असून भागत नाही. इमारतीत डॉक्टर हवा, नर्सबाई हवी. पेठ-सुरगाण्याची माणसे मजुरीसाठी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात, तेव्हा त्यांच्या लेकरांची लस त्यांच्यामागून बागेपर्यंत यायला हवी. गावच्या वहीत नाव आणि लेकरू बागेत, अशाने ते लेकरू कोणाचेच राहत नाही.

आता शेवटची शंका. "हा वारकऱ्याचा विषय आहे काय? आपण टाळ वाजवावा, बाकी सरकार पाहील." गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी वैकुंठवासी झाले. दिवसा त्यांच्या हातात खराटा असे आणि रात्री कीर्तन. नाशिकला आणि पंढरपुरास त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांना कोणी विचारले नाही, की बाबा, खराटा हा परमार्थाचा विषय आहे काय?

शिवाय कायद्याने आपल्याला जागा दिलेली आहे. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. पण हरकत घ्यायला जातो कोण? ज्याचा भूखंड रस्त्यात जातो तो. ज्याच्या झोपडीशेजारून नाला वाहतो, त्याला मसुदा निघाल्याचे कळतही नाही. कळले तरी कामाचा खाडा करून कचेरीत जाणे त्याला परवडत नाही.

आमची विनंती एवढीच. प्रत्येक गावी भजनी मंडळ आहे, एकादशीला मंडळी जमतातच. आराखड्याचा मसुदा निघेल तेव्हा त्या रात्री भजनानंतर तो नकाशा मंदिरात पसरावा. नाल्याकाठच्या मंडळींना पुढे बसवावे. ज्याला लिहिता येते त्याने त्यांच्या तोंडचे गाऱ्हाणे लिहून घ्यावे आणि मंडळाने ते मुदतीत दाखल करावे. पंढरीच्या महाद्वारी नामदेवराय पायरी होऊन राहिले आणि त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. आपला देव तिथूनच सुरू होतो. नियोजनही तिथूनच सुरू व्हावे.

त्या म्हातारीला आम्ही पुढे मुद्दाम भेटलो. म्हणालो, "माउली, त्या रात्री आम्ही चुकीचे बोललो. दोष तुमच्या नातवाचा नव्हता." तिने बराच वेळ पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "मला वाटतच होतं महाराज, पर तुम्ही म्हणाले म्हणून गप बसले." आमच्या शब्दाने किती माणसे अशी गप्प बसली असतील, याचा हिशेब आम्हाला द्यावा लागेल. तो हिशेब थोडा तरी हलका व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

रामकृष्णहरी!