दया कोणाच्या खर्चाने?

धर्मगुरूच्या दाराशी जी गाऱ्हाणी येतात त्यांत घरभाड्याचे गाऱ्हाणे वरचेवर असते, हे सांगितल्यास काही वाचकांना आश्चर्य वाटेल. नवराबायकोतील बेबनाव, मुलाचे व्यसन, भावाभावांतील वाटणी ही आमच्या वाट्याची दुःखे समजली जातात. भाडे हा वकिलाचा विषय मानला जातो. तथापि इचलकरंजीत काही वर्षे काढल्यानंतर आमची खात्री झाली आहे की, दहा बाय बाराच्या एका भाड्याच्या खोलीत माणसाच्या नीतीची जेवढी परीक्षा होते तेवढी मंदिरात वा चर्चमध्ये क्वचितच होत असेल. मालक वाईट की भाडेकरू वाईट, हा प्रश्न जो तो विचारतो आणि आपापल्या सोयीचे उत्तर घेऊन घरी जातो. जो भाडे देत नाही त्याच्याशी न्यायाने आणि दयेने वागायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. त्यात आम्ही स्वतः एकदा चुकलो. त्या चुकीच्या आधारेच आज हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम या गावाविषयी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे उद्योगाला उत्तेजन होते. पंचगंगेकाठचे हे गाव पुढे 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले आणि २०२२ साली येथे महानगरपालिकाही झाली. मागांची संख्या वाढली तशी माणसे आली. आधी आसपासच्या खेड्यांतून आणि सीमाभागातून, मग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इतक्या दुरून. हा उद्योग एकाच मोठ्या गिरणीच्या आवारात सामावलेला नाही. तो गल्लोगल्लीच्या लहानमोठ्या शेडमध्ये विखुरलेला आहे. त्यामुळे कामगारांचा निवाराही तसाच विखुरला. ज्याच्या घरामागे थोडी मोकळी जागा होती त्याने तेथे दोन-तीन पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि त्या भाड्याने दिल्या.

म्हणून येथे 'घरमालक' हा शब्द ऐकून कोणी गादीवर लोडाला टेकून बसलेल्या सावकाराचे चित्र डोळ्यांसमोर आणू नये. आम्ही ज्यांना ओळखतो ते घरमालक बहुधा स्वतःच एकेकाळी माग चालविणारे, वहिफणी करणारे किंवा जॉबर म्हणून राबलेले असतात. ज्या उद्योगात निवृत्तिवेतन हा शब्द फारसा कोणाच्या वाट्याला आलेला नाही, तेथे घरामागच्या दोन खोल्या हेच त्यांचे निवृत्तिवेतन असते. त्या भाड्यातून घरफाळा जातो, पाणीपट्टी जाते, रक्तदाबाच्या गोळ्या येतात. आणि समोरचा भाडेकरू? त्याची मजुरी मीटरवर. माग चालला तर पगार. सूत महागले, कापडाला उठाव नाही, वीज गेली, मालकाने पाळी कमी केली, की पगार अर्धा. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आठवावी. रोखीने होणारे आठवडी पगार अडले आणि त्याबरोबर खोल्यांची भाडीही अडली. तात्पर्य, मागवाल्याला खोली देणारा मनुष्य, त्याला कळो वा न कळो, मागाच्या नशिबात भागीदार होतो. नफ्यात त्याला वाटा नसतो. तोट्यात मात्र असतो.

घरमालकांच्या तक्रारी आम्हाला पाठ झाल्या आहेत. दोघांसाठी म्हणून खोली घेतली आणि सहाजण राहतात. रात्रपाळीचे लोक अपरात्री येतात, मोठ्याने बोलतात. दारू पिऊन भांडतात. डिपॉझिट संपले तरी हलत नाहीत. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण मग हमखास ऐकू येते. भाडेकरूंच्या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. पत्रा गळतो, संडासाला दार नाही, विजेचे बिल मनाला येईल तसे आकारले जाते, भाड्याची पावती मागितली तर मालकाच्या कपाळाला आठी पडते, आणि पाहुणा आला तरी चौकशी होते. या दोन्ही याद्या बहुतांशी खऱ्या असतात. दोघेही खरे बोलत असताना निवाडा करायचा असतो, हीच यातील खरी अडचण होय.

आता आमच्या चुकीविषयी. आमच्या परिचयाच्या एका विधवा बाईंच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या होत्या. एका खोलीत माग चालविणारा एक तरुण, त्याची बायको आणि दोन मुले. त्याचे सात महिन्यांचे भाडे थकले. बाई सल्ल्यासाठी आल्या. आम्ही त्यांना धीर धरा म्हणालो, मुले लहान आहेत, धंदा मंदीत आहे, क्षमा करणारा कधी उणा पडत नाही, असे पुष्कळ सांगितले. बाई शांतपणे ऐकून गेल्या. तीन महिन्यांनी पुन्हा भेटल्या तेव्हा त्यांच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या. "फादर, तुमचं ऐकलं मी," त्या म्हणाल्या, "पण घरफाळ्याची नोटीस कुणाचं ऐकत नाही. पाटल्या ठेवून आले." त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

मग आम्ही त्या तरुणाकडे गेलो. तो लबाड नव्हता. त्याची मजुरी खरोखरच घटली होती. परंतु बोलता बोलता कळले की, किराणा दुकानाची उधारी तो दर आठवड्याला फेडत होता, कारण दुकानदार माल बंद करील. शेडच्या मालकाकडून घेतलेली उचल पगारातून परस्पर कापली जात होती. गावाकडच्या सावकाराचे व्याज तो न चुकता पाठवीत होता. जो दरडावतो त्याचे आधी, जो अडवतो त्याचे नंतर, आणि जी बाई काही बोलत नाही तिचे सर्वांत शेवटी, असा त्याच्या फेडीचा क्रम होता. 'भीड ही भिकेची बहीण' असे आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही. बाईंच्या सौम्यपणाने त्या कुटुंबाचे दारिद्र्य कमी झाले नव्हते. त्याचा भार फक्त सावकाराऐवजी त्यांच्या अंगावर सरकला होता. आणि तो सरकविण्यास आमचा उपदेश साह्यभूत झाला होता. आम्ही दया केली असे आम्हाला वाटत होते. खर्च मात्र त्यांच्या पाटल्यांनी केला.

हा दोष एकट्या धर्मगुरूंचा आहे असे नव्हे. कायद्याचा इतिहास पाहिला तर तेथेही हेच दिसते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच, थोडे अपवाद वगळता, प्रमाणित भाडे ठरविले. युद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात हे संरक्षण अत्यावश्यक होते. त्यावाचून असंख्य कामगार कुटुंबे रस्त्यावर आली असती, हे विसरून चालणार नाही. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धशतक चालला. चहाचे, धान्याचे, सिमेंटचे भाव कोठल्या कोठे गेले. भाडे तेथेच राहिले. इतक्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, मुंबईतील जुन्या चाळी खचू लागल्या, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी शासनाला १९६९ साली निराळा कायदा करावा लागला. ज्याचे रक्षण करायचे त्याच्याच डोक्यावर छत कोसळण्याची वेळ आली. अखेर 'मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एकेकाळी रास्त असलेल्या प्रमाणित भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरसाल चार टक्के भाडेवाढीची मुभा मिळाली.

२०२० च्या टाळेबंदीतही तोच प्रश्न उभा राहिला. २९ मार्च रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला की, कामगारांकडून घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये. १७ एप्रिल रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास सांगितले. मागांचा खडखडाट थांबलेल्या या गावात ती शांतता आम्ही ऐकली आहे, आणि तो आदेश योग्यच होता असे आमचे मत आहे. उपाशी माणसाला त्या दिवसांत खोलीबाहेर काढणे हे पापच ठरले असते. तरीही, दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या वृद्धेने ते तीन महिने कसे काढावेत, याचे उत्तर त्या कागदांत नव्हते. समाजाने करावयाची दया एकट्या शेजाऱ्यावर सोपविली गेली.

मग काय, ज्याचे घर त्याचे राज्य म्हणावे? तसेही नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात असे प्रतिपादिले आहे की, खासगी मालमत्तेवर जणू एक सामाजिक गहाण असते. आमच्या बाईंच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा हा शब्द आम्हाला नव्याने कळला. घर माझे आहे हे खरे. पण ते ज्या अर्थी कोणाचा तरी एकमेव निवारा झाले आहे, त्या अर्थी त्याच्यावर मनमानी करण्याचा अधिकार मी गमावलेला आहे. गहाण वस्तू माझीच असते, परंतु ती मला वाटेल तशी मोडता येत नाही. आणि हे गहाण सर्वांच्या मालमत्तेवर आहे. दुकानदाराच्या, शेडमालकाच्या, सावकाराच्या आणि धर्मग्रामाच्या तिजोरीवरही. ते एकट्या घरमालकाने का फेडावे?

या सर्वांतून आमच्यापुरते काही निष्कर्ष निघाले. पहिला, असमर्थता आणि अप्रामाणिकपणा यांत भेद केला पाहिजे, आणि तो भेद दुरून करता येत नाही. त्यासाठी जाऊन बसावे लागते, मिळकत किती आणि कोणाकोणाचे देणे आहे हे विचारावे लागते. हे विचारणे पहिले भाडे चुकल्यावर सोपे असते. सातव्या महिन्यात ते भांडण होते.

दुसरा, सुरुवातीचा स्पष्ट शब्द ही पहिली दया होय. आपल्याकडे बहुतेक व्यवहार तोंडी होतात आणि त्याला आपण विश्वास म्हणतो. १९९९ च्या कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. किती माणसे राहतील, वीज कशी आकारली जाईल, दुरुस्ती कोणी करायची, किती दिवसांची सूचना द्यायची, हे कागदावर असले म्हणजे पुढे स्वभावांवर विसंबावे लागत नाही.

तिसरा, घर हे शस्त्र होता कामा नये. पाणी तोडणे, वीज कापणे, सामान बाहेर फेकणे, बायकामुलांसमोर पाणउतारा करणे, यांतील काही गोष्टी कायद्याने निषिद्ध आहेत. सर्वच नीतीने निषिद्ध आहेत. खोली सोडण्यास सांगणे मात्र निषिद्ध नाही. पुरेशी मुदत देऊन, शांतपणे, कारण सांगून जा म्हणणे हा अन्याय नव्हे. कायदासुद्धा थकबाकीदाराला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबायला लावतो. आणि मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तेव्हा, निकाल दिल्याने अधिक हाल कोणाचे होतील, हे न्यायालयाला तोलून पाहावे लागते. हा तराजू न्यायालयात जाण्यापूर्वीच घरी वापरला तर किती खटले वाचतील!

चौथा निष्कर्ष भाडेकरूंसाठी आहे. गरिबी ही लाज नाही. पण जो ओरडत नाही त्याचे देणे शेवटी ठेवणे ही लाजेची गोष्ट आहे. पूर्ण भाडे शक्य नसेल तर अर्धे द्यावे, अर्धेही नसेल तर दाराशी जाऊन तसे सांगावे. तोंड चुकविल्याने मालकाचा जेवढा संताप होतो तेवढा पैसे न दिल्याने होत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पाचवा निष्कर्ष आमच्यासारख्यांसाठी. आम्ही आयुष्यभर दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहतो. बदली झाली की दोन पेट्या घेऊन निघतो. घरफाळ्याची नोटीस आमच्या नावे कधी येत नाही. अशा माणसाने क्षमेचा उपदेश करण्यापूर्वी आधी आपल्या खिशात हात घालावा.

त्या तरुणाच्या बाबतीत शेवटी एवढे झाले. थकबाकीचा काही भाग धर्मग्रामाच्या मदतनिधीतून दिला आणि बाईंच्या पाटल्या सोडविल्या. उरलेल्या रकमेसाठी पगाराच्या दिवशी थोडे थोडे द्यायचे असे बाई आणि तो तरुण यांच्यात समोरासमोर ठरले. चार महिने त्याने ते पाळले. नंतर त्याला दुसरीकडे काम मिळाले आणि कुटुंब खोली सोडून गेले. जाताना तीन महिन्यांचे भाडे राहिलेच. आम्ही संकोचून बाईंना विचारले, त्याचा पत्ता काढू का? त्या म्हणाल्या, "नको फादर. पोरांच्या शाळेचं साल आहे. राहू दे."

तेच शब्द वर्षभरापूर्वी आम्ही त्यांच्या तोंडी घालण्याचा प्रयत्न केला होता. तेव्हा तो आमचा उपदेश होता. या वेळी त्यांना हिशेब पूर्ण ठाऊक होता, मागण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता, आणि सोडून देण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. दया म्हणतात ती हीच असावी.