मी करतो

येवल्यातल्या विणकरांच्या एका गल्लीत अण्णा राहत. पदर विणावा तर अण्णांनीच, असं गल्ली म्हणायची आणि ते खोटं नव्हतं. एकेका रंगाची वेगळी कांडी हातात घेऊन, ताण्याचे मोजून तेवढेच धागे उचलून ते मुनियेचा पंख भरत. खरी हातची पैठणी उलटून पाहिली तरी सुलटीसारखीच दिसते, मागे एकही धागा लोंबत नाही, ते अशा हातांमुळेच. घरात दोन माग होते. एकावर अण्णा बसत, दुसऱ्यावर थोरली सून. माई दोघांना कांड्या भरून देत.

धाकट्या मुलाने एक जुना लॅपटॉप आणला. गिऱ्हाईक आता घरबसल्या फोटो मागू लागलं होतं. व्यापाऱ्याच्या हातून माल गेला की मधले पैसे मधेच राहत; थेट विकला तर विणकराच्या पदरात पडत. पोरगा हुशार होता. फोटो काढणं, ते लॅपटॉपवर उतरवणं, किमतींची यादी करणं, गिऱ्हाइकाच्या ईमेलला उत्तर देणं, बँकेत पैसे आले का ते बघणं, सगळं तो चुटकीसरशी उरकायचा. अण्णा कधी कुतूहलाने मागे येऊन उभे राहिले, एखादं बोट पुढे केलं, की तो म्हणायचा, "तुम्ही राहू द्या अण्णा, मी करतो."

यात उर्मटपणा नव्हता, मायाच होती. वडिलांना कशाला त्रास, एवढंच त्याच्या मनात. पण या मायेने घरोघरी केवढं नुकसान होतं याचा हिशोब कुणी मांडत नाही. नातू आजीच्या हातातून मोबाईल घेतो, चार ठिकाणी बोट लावतो, परत देतो. काम होतं, आजी मात्र होती तिथेच राहते. वर तिला वाटू लागतं की हे आपल्याला जमण्यातलं नाहीच.

पुढे धाकट्याला चाकणला नोकरी लागली. लॅपटॉप घरीच राहिला. माईंनी त्याच्यावर स्वच्छ फडकं घातलं, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. पण उघडायला कुणी धजेना. फोटो मागणाऱ्या गिऱ्हाइकांचे ईमेल तसेच पडून राहिले आणि दोन साड्या पुन्हा व्यापाऱ्याकडे गेल्या, त्याने सांगितलेल्या भावात.

थोरली सून हे बघत होती. लग्नाआधी तिने एमएस-सीआयटी केलेली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने २००१ साली सुरू केलेला तो कोर्स तेव्हा गावोगावच्या पोरींनी केला. कुणी सरकारी नोकरीच्या आशेने, कुणी नुसतं सर्टिफिकेट असावं म्हणून. तिचं सर्टिफिकेट ट्रंकेत होतं. एका संध्याकाळी तिने फडकं काढलं, लॅपटॉप अण्णांसमोर ठेवला आणि स्वतः शेजारी बसून दोन्ही हात पदरात घेतले.

"बटण दाबा, अण्णा."

"तू दाब."

"नाही. तुम्ही."

माउसशी अण्णांची पहिली झटापट झाली. पडद्यावरचा बाण अजून अर्ध्या वाटेवर असायचा आणि हातातला माउस पाटाच्या कडेला पोचलेला. अण्णा तिथेच थबकायचे, पुढे जागा नाही म्हणून. माउस उचलून पुन्हा मधोमध ठेवता येतो आणि बाण जागचा हलत नाही, हे त्यांना कोण सांगणार? ज्यांना येतं त्यांना ही सांगायची गोष्टच वाटत नाही. सुनेने सांगितलं. मग डबल-क्लिक. अण्णांच्या बोटांना आयुष्यात कधी घाई नव्हती. ते एकदा दाबत, नीट थांबत, पुन्हा दाबत. तेवढ्यात माउस केसभर सरकलेला असे आणि फाईल काही उघडत नसे. सुनेने दुसरी वाट दाखवली: "एकदाच दाबा, फाईल निळी झाली की एंटर." ते जमलं.

चौथ्या-पाचव्या संध्याकाळी अण्णा वैतागले. किमतींच्या यादीतली अर्धी पानं कुठल्याशा बटणाने गायब झाली होती. "अगं, तूच कर ना एकदा! मी बघून घेतो."

सून शांतपणे म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा मला माग येत नव्हता. पहिल्याच महिन्यात बुट्टी चुकवली. तुम्ही शेजारी बसला होतात. धोट्याला हात लावलात का?"

अण्णांना आठवलं. ते एवढंच म्हणाले होते, "उकल." आणि तिने डोळ्यांत पाणी आणून सबंध दिवसाचं काम धागा धागा उकललं होतं. ती बुट्टी पुन्हा कधी चुकली नाही.

"इथे उकलायला तर दिवसही लागत नाही," ती म्हणाली. "कंट्रोल धरून ठेवा, झेड दाबा."

यादी जशीच्या तशी परत आली. अण्णांनी ती मुद्दाम पुन्हा पुसली, पुन्हा आणली. शिकणाऱ्याला अडवते ती भीती. आपल्या हातून यंत्र बिघडेल, हजारोंचं नुकसान होईल, पोरं हसतील. लिहिताना झालेल्या बहुतेक चुका परत फिरवता येतात हे एकदा हाताला कळलं, की अर्धा गड सर होतो. अण्णांचा त्या संध्याकाळी झाला.

दुसऱ्या मागावर जकार्ड बसवलेलं होतं. सुनेने वर टांगलेल्या भोकांच्या पत्त्यांकडे बोट केलं. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. फ्रान्समधल्या ल्याँ शहराच्या जोसेफ मारी जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर चढवली. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणितयंत्रासाठी तेच पत्ते घ्यायचं योजलं, आणि १८९० साली अमेरिकेची जनगणना भोकं पाडलेल्या पत्त्यांवर मोजली गेली. आजच्या कॉम्प्युटरच्या पोटातसुद्धा भोक आहे की नाही, एवढाच प्रश्न अखंड विचारला जातो. तिथे त्याला एक आणि शून्य म्हणतात. अण्णांनी पत्त्यांकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. "म्हणजे हा आपल्याच भावकीतला निघाला की," ते म्हणाले.

मराठी टायपिंगला मात्र वेळ लागला. सुनेने इनस्क्रिप्टचा तक्ता भिंतीवर चिकटवला: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बरीचशी उजव्या हाताला. "येवला" पहिल्या दिवशी जमलं. "किंमत" जमेना. अण्णा पाटीवर शिकलेले. हात आधी ऱ्हस्व वेलांटी काढणार आणि मग क. ते आधी वेलांटी दाबत आणि पडद्यावर ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली एकटीच वेलांटी दिसे. "आधी क, मग वेलांटी," सून सांगे. "ती आपोआप पुढे जाऊन बसते." पन्नास वर्षांची हाताची सवय मोडायची म्हणजे सोपं नाही. संक्रांतीच्या दिवसांत तर शिकवणी बंदच राहिली. भोगी, संक्रांत, कर हे तीन दिवस येवल्यात माणूस गच्चीवर पतंग उडवत असतो, खाली नाही. हलकडी वाजत असताना कसलं टायपिंग? पण पतंग उतरले आणि अण्णा न सांगता लॅपटॉपसमोर येऊन बसले. "किंमत" एका दमात उमटली.

एकदा गिऱ्हाइकाला लांबलचक पत्र लिहीत असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. पडदा काळा झाला, पत्र गेलं. मधूनमधून सेव्ह करा असं सुनेने आधी सांगितलेलं होतं, पण तिने त्याची आठवण काढली नाही. त्या दिवसापासून अण्णा दर दोन ओळींनी कंट्रोल आणि एस दाबू लागले.

बँकेच्या खात्याचा पासवर्ड बदलायची वेळ आली तेव्हा सुनेने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तू तर घरातलीच," अण्णा म्हणाले.

"माझ्यापासूनही लपवायचा. बँकेचा पत्ता वर स्वतः टाईप करायचा, शोधून पहिली दिसेल ती ओळ दाबायची नाही. ती पुष्कळदा जाहिरात असते. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला."

मार्चमध्ये एक फोन आला. सून बाजारात गेली होती. बोलणारा मोठा गोड. मुलीचं लग्न आहे, दोन पैठण्या हव्यात, भावावर घासाघीस नाही. आगाऊ रक्कम पाठवली आहे म्हणाला, पण ती मधेच अडकली आहे. ती सोडवायला त्याने ईमेलवर एक दुवा पाठवला. अण्णांनी तो दाबला. एक छोटं अ‍ॅप उतरलं आणि पडद्यावर नऊ आकडे दिसू लागले.

"आता ते आकडे फक्त मला वाचून दाखवा, बाबा. बाकी तुम्ही राहू द्या, मी करतो."

अण्णांचा हात माउसवर जागच्या जागी राहिला. हे वाक्य त्यांनी फार ऐकलं होतं.

"म्हणजे माझ्या इथला बाण तुम्ही हलवणार?"

"हो, हो. तुम्हाला काहीच करायला नको."

"मग नको. काय करायचं ते सांगा. हात माझाच राहील."

पलीकडचा गोडवा आटला. दहा मिनिटांत पैसे परत जातील म्हणाला. मग ऑर्डर रद्द करीन म्हणाला. मग म्हणाला, म्हाताऱ्या माणसाने उगाच अडून बसू नये. अण्णांनी फोन ठेवला आणि लॅपटॉपची वायर भिंतीतून खेचून काढली. पडदा तत्क्षणी विझला.

सून आल्यावर दोघांनी मिळून ते अ‍ॅप काढून टाकलं. अशा अ‍ॅपमुळे दुसऱ्याचा कॉम्प्युटर किंवा मोबाईल लांबून चालवता येतो. चांगल्या कामासाठीही ती वापरतात, पण त्यातून खाती रिकामी होऊ लागली तेव्हा २०१९ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. अण्णांनी बँकेचा पत्ता एकेक अक्षर बघत टाईप केला, पासवर्ड बदलला, महिन्याभराच्या नोंदी वरून खाली वाचल्या. आगाऊ रक्कम आली नव्हती. गेलंही काही नव्हतं. मग त्यांनी १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर फिरवला आणि आलेल्या फोनचा क्रमांक सांगितला. पैसे गेले नाहीत तर तक्रार कशाला, असं माईंना वाटत होतं. "आपले नाही गेले," अण्णा म्हणाले, "पुढच्याचे जातील."

आठवड्याने चाकणहून धाकट्याचा फोन आला. "अण्णा, खात्याचा पासवर्ड बदललात का? माझ्याकडून उघडत नाहीये. नवीन सांगा जरा."

"तो सांगायचा नसतो. तुला काय बघायचंय ते विचार. मी बघून सांगतो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग पोरगा म्हणाला, "इंदूरच्या साडीचे पैसे जमा झाले का, एवढंच."

"थांब. बघतो."

अण्णांना लॉगिन करायला बराच वेळ लागला. पोराने दोनदा "अण्णा, वर उजवीकडे..." असं सुरू केलं आणि दोन्ही वेळा स्वतःच थांबला. "झालेत जमा," अण्णा म्हणाले. "तारीख सांगू?"

गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे एक विणकर विजेचं बिल घेऊन आले. आजवर ते बिल भरायला कुणातरी पोराला गाठत. "अण्णा, तुम्हाला येतंच आता. टाका भरून."

अण्णा खुर्चीवरून उठले आणि शेजाऱ्याला तिथे बसवलं. "बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक छापलाय. तो टाईप कर."

"मला कुठलं येतंय!"

"मला तरी कुठं येत होतं?"

पहिल्या खेपेला एक आकडा राहिला. दुसऱ्या खेपेला दोन पुढेमागे झाले. अण्णा पाठीशी हात बांधून उभे होते. "उकल," ते म्हणाले, "आणि परत टाक." माई आतून चहाचं विचारून गेल्या, थोड्या वेळाने घेऊनही आल्या. पाऊण तासाने बिल भरलं गेलं. पावती उघडली तेव्हा शेजारी ती छापून मिळेल का विचारत होते. अण्णांनी त्यांना एक नवं फोल्डर करायला लावलं, त्याला शेजाऱ्यांच्याच हातून त्यांचं नाव द्यायला लावलं, आणि पावती त्यात ठेवेपर्यंत चहा थंड झाला तरी कुणी उठलं नाही.